स्नोबोर्डची निवड आणि स्वभावाचा प्रश्न

स्नोबोर्ड विकत घ्यायला आलेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो शैलीचा. टेरेन पार्कमध्ये उड्या आणि गिरक्या घ्यायच्या आहेत, की डोंगराच्या न मळलेल्या अंगाने ताज्या बर्फातून खाली यायचे आहे, की यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर बोर्डच्या कडेवर झुकून लांब वळणे कोरायची आहेत? उत्तर मिळाले की फ्रीस्टाइल, फ्रीराइड, ऑल-माउंटन, पावडर अशा खान्यांपैकी एका खान्यातला बोर्ड पुढे केला जातो. ही पद्धत सोयीची आहे आणि बऱ्याच अंशी बरोबरही. पण माणसाची शैली आधीच ठरलेली असते आणि वस्तूने फक्त तिच्याशी जुळवून घ्यायचे असते, असे ती गृहीत धरते. माणूस स्वभावानुसार साधन निवडतो की साधन वापरता वापरता त्याचा स्वभाव घडतो, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे बहुधा मोठमोठ्या शब्दांत दिली जातात. स्नोबोर्डच्या बाबतीत तोच प्रश्न मिलिमीटर, किलो आणि पडण्याच्या भीतीच्या भाषेत समोर येतो. म्हणून तो इथे तपासून पाहण्यासारखा आहे.

शैलीच्या आधी शरीर येते. बोर्डची लांबी पूर्वी उंचीवरून ठरवली जाई. बोर्ड उभा धरला की त्याचे टोक हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान यावे, असा ठोकताळा होता. तो अजूनही सांगितला जातो, पण बोर्डला उंची कळत नाही, वजन कळते. त्यामुळे आता उत्पादक प्रत्येक लांबीपुढे वजनाची मर्यादा छापतात. जड माणूस आखूड बोर्डवर उभा राहिला की मऊ बर्फात पुढचे टोक रुतते आणि कडक बर्फावर कड टिकत नाही. हलका माणूस लांब, ताठ बोर्डवर उभा राहिला तर बोर्ड त्याच्याने वाकत नाही, आणि न वाकलेला बोर्ड वळत नाही.

मग पाऊल. स्नोबोर्डवर पाय आडवे बांधलेले असतात, त्यामुळे बुटाची टोके बोर्डच्या एका कडेबाहेर आणि टाचा दुसऱ्या कडेबाहेर थोड्या डोकावतात. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर डोकावणे उपयोगाचे असते. कडेवर दाब देण्यासाठी त्यातूनच तरफ मिळते. त्याहून बरेच जास्त बाहेर आले की वेगळाच प्रकार घडतो. माणूस वळणात खोल झुकतो, बोर्ड जवळजवळ उभा होतो, आणि कड बर्फात शिरण्याआधी बुटाचे टोक बर्फाला लागते. त्या क्षणी कड उचलली जाते आणि भार पेलणारे खाली काहीच उरत नाही. ही चूक सरावाने सुधारत नाही. ती बोर्डच्या मधल्या रुंदीची चूक असते, आणि मोठ्या पावलाच्या माणसाला रुंद बोर्ड घ्यावाच लागतो, मग शैली कोणतीही असो.

तिसरी गोष्ट पुढच्या पायाची. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्याला गूफी. हे ओळखण्याची प्रशिक्षकांची एक साधी रीत आहे: नवशिक्याला बेसावध असताना मागून हलका धक्का द्यायचा आणि तोल सावरायला कोणता पाय पुढे येतो ते पाहायचे. इथे कोणी विचार करून निवड करत नाही, पाय ठरवून मोकळा होतो. जन्मजात स्वभाव म्हणून बोट दाखवता येईल अशी स्नोबोर्डवरची ही सर्वात ठळक गोष्ट आहे. आणि तीही पूर्णपणे अभेद्य नाही. पार्कमध्ये उडी मारून उलटे उतरावे लागते, म्हणून फ्रीस्टाइलवाले दुसरा पाय पुढे ठेवून चालवायला शिकतात. ते त्यांना कायम थोडे परके वाटत राहते, पण जमते. शरीराने दिलेला कल पुसला जात नाही. त्याच्या शेजारी दुसरा एक कल सरावाने उभा राहतो.

शरीराचा हिशेब संपला की बोर्डच्या घडणीचा सुरू होतो, आणि दुकानातल्या चर्चेत सहसा न निघणारा विषय इथे लपलेला आहे. पारंपरिक कॅम्बर बोर्ड सपाट फरशीवर ठेवला तर तो पुढच्या आणि मागच्या टोकांजवळच टेकतो. मधला भाग काही मिलिमीटर वर उचललेला राहतो. माणूस उभा राहिला की ती कमान दबते आणि कडेच्या संपूर्ण लांबीवर दाब पसरतो. त्यामुळे असा बोर्ड कडक बर्फावर चावा घेतो आणि वळणातून बाहेर पडताना साठवलेली ताकद परत देतो. याची किंमतही आहे. बोर्ड जवळजवळ सपाट असताना उताराकडची कड चुकून किंचित खाली गेली, तर ती तितक्याच तत्परतेने बर्फ पकडते. बोर्ड थांबतो, माणूस थांबत नाही. पडणे इतके अचानक असते की हात आपोआप पुढे किंवा मागे टेकतात; नवशिक्यांच्या मनगटाच्या दुखापती मोठ्या संख्येने याच कारणाने होतात.

रॉकर बोर्डची कमान उलटी असते. तो मध्यभागी टेकतो आणि टोकांकडे वर उचललेला असतो. कड सहजी अडकत नाही, भुसभुशीत बर्फात पुढचे टोक आपोआप वर राहते, बोर्ड जागच्या जागी फिरतो. मात्र गोठलेल्या उतारावर तो घसरतो आणि वेगात अस्थिर होतो. या दोहोंच्या मध्ये सपाट आणि मिश्र घडणीचे बोर्ड येतात. आजच्या बाजारातले बरेचसे बोर्ड मिश्रच असतात. लवचीकपणाचेही असेच आहे: मऊ बोर्ड मंद गतीत आज्ञाधारक असतो, ताठ बोर्ड वेगात. कंपन्या लवचीकपणाला एक ते दहा असे आकडे देतात, पण तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने ठरवते. एकीचा पाच म्हणजे दुसरीचा सात असू शकतो. बाजूच्या कडेची वक्रता बहुधा सहा ते नऊ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची असते. त्रिज्या लहान तितके वळण आखूड. दोन्ही टोके सारखी असलेला ट्विन बोर्ड पुढे-मागे सारखाच चालतो. एकदिश बोर्डचे शेपूट आखूड किंवा अरुंद असते आणि उभे राहण्याची जागा मागे सरकवलेली असते, त्यामुळे खोल बर्फात तो तरंगतो.

ही सगळी वैशिष्ट्ये तांत्रिक म्हणून सांगितली जातात आणि तशी ती आहेतही. पण त्यांतले प्रत्येक वैशिष्ट्य एका नैतिक प्रश्नाचेही उत्तर असते: चालवणाऱ्याची कोणती चूक बोर्डने पोटात घालायची आणि कोणती लगेच दाखवून द्यायची? रॉकरला क्षमाशील म्हणण्याची स्नोबोर्डर लोकांची पद्धत आहे, आणि ती अगदी अचूक आहे. क्षमाशील बोर्डवर शिकणारा लवकर उभा राहतो, लवकर खाली येतो, त्याला खेळ आवडू लागतो. भीती हा वाईट शिक्षक आहे. घाबरलेला माणूस मागच्या पायावर रेलतो, गुडघे ताठ करतो, आणि मागे रेलून वळण येतच नाही. म्हणून सुरुवातीला मऊ, क्षमाशील बोर्ड घ्यावा हा सल्ला योग्य आहे. अडचण पुढच्या हंगामात कळते. घसरत घेतलेले वळण आणि कडेवर कोरलेले वळण यांतला फरक त्या बोर्डने कधी जाणवूच दिलेला नसतो. चूक झाली तरी परिणाम झाला नाही, म्हणून ती चूक आहे हेच शिकणाऱ्याला कळलेले नसते. पहिल्यांदा गोठलेला, उभा उतार समोर आला की इतके दिवस आपली शैली म्हणून जपलेली गोष्ट बोर्डने दिलेली सवलत होती, हे त्याच्या ध्यानात येते.

तेव्हा बोर्ड माणसाला शोभतो, या म्हणण्याचे दोन अर्थ होतात. माणूस आज जसा आहे तसा त्याला सांभाळून घेणारा बोर्ड, हा एक. माणूस जसा होऊ पाहतो आहे त्या दिशेने त्याला ओढणारा, हा दुसरा. शैलीनुसार बोर्ड निवडा असे सांगताना हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात, आणि निवडीतला बहुतेक गोंधळ तिथूनच येतो.

शैली माणसात असते की त्याच्या भोवतालात, याचा पुरावा या खेळाच्या इतिहासातही सापडतो. 1965 च्या नाताळात मिशिगन राज्यातल्या मस्कीगन इथे शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक खेळणे केले. पुढे ते स्नर्फर या नावाने विकले गेले. त्याला पाय बांधायची सोय नव्हती; पुढच्या टोकाला एक दोरी होती, ती धरून उभे राहायचे. स्नोबोर्डकडे जाणारे तीन रस्ते मात्र तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून निघाले. व्हरमाँट राज्यात थंडीने कडक झालेले उतार असतात. तिथे 1977 मध्ये जेक बर्टन कारपेंटर यांनी बोर्ड बनवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या वाटचालीत ताबा आणि वेग यांना महत्त्व आले. यूटामध्ये कोरडा, हलका बर्फ खोलवर साठतो. तिथे दिमित्रिये मिलोविच यांनी 1970 च्या दशकात समुद्रावरच्या सर्फबोर्डच्या धर्तीवर, दुभंगलेल्या शेपटीचे विंटरस्टिक बोर्ड केले. टॉम सिम्स स्केटबोर्डच्या जगातून आले. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या वर्तुळात उड्या, गिरक्या आणि अर्ध्या नळीच्या आकाराच्या घळीची, म्हणजे हाफपाइपची ओढ होती. 1983 मध्ये सिम्स यांनी भरवलेल्या जागतिक स्पर्धेत हाफपाइपचा समावेश झाला, तेव्हा अमेरिकेच्या पूर्वेकडून आलेल्या खेळाडूंनी त्याला विरोध केला होता, कारण असला प्रकार त्यांच्या सरावातला नव्हता.

आज फ्रीस्टाइल, फ्रीराइड आणि कार्व्हिंग (कडेवर वळणे कोरणे) या ज्या माणसाच्या अंगभूत शैली समजल्या जातात, त्या मुळात अशा रीतीने वेगवेगळ्या तऱ्हेच्या बर्फातून आणि शेजारच्या खेळांतून आल्या. जपानमधल्या होक्काइदो बेटावरचे निसेको हे याचेच आणखी एक उदाहरण आहे. सैबेरियाकडून येणारे गार वारे जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलतात आणि तिथे हलक्या, कोरड्या बर्फाच्या रूपात सोडतात. एका हिवाळ्यात दहा मीटरहून अधिक बर्फ पडतो. तिथे तारो तामाई यांनी जेंटेमस्टिक हे बोर्ड घडवले. त्यांच्या मागे उड्यांची ईर्षा नाही, डोंगराच्या घड्यांवरून लाटेसारखे वाहत जाण्याची कल्पना आहे. व्हरमाँटच्या कडक उतारावर अशी शैली सुचलीच नसती. काश्मीरमधल्या गुलमर्गला जाणाऱ्या मराठी पर्यटकालाही हा फरक अनुभवता येतो. गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याच्या आसपासचे सौम्य उतार आणि जवळजवळ चार हजार मीटरवर नेणाऱ्या दुसऱ्या टप्प्यानंतरचा अफरवत डोंगरावरचा न मळलेला बर्फ या दोन वेगळ्या दुनिया आहेत. खाली शहाण्यासारखा वागणारा आखूड ट्विन बोर्ड वर खोल बर्फात मागची मांडी भाजून काढतो, कारण टोक वर ठेवण्याचे काम बोर्ड करत नाही, मांडीला करावे लागते.

हा सगळा तपशील हाताशी घेऊन तत्त्वज्ञांकडे गेले तर त्यांची मते अधिक स्पष्ट दिसू लागतात. प्लेटोने रिपब्लिकच्या दहाव्या पुस्तकात म्हटले आहे की वस्तूचे खरे ज्ञान ती वापरणाऱ्याला असते. बासरी कशी हवी हे वादक सांगतो, कारागीर त्याच्यावर विश्वास ठेवून ती घडवतो. स्नोबोर्डच्या इतिहासात हे खरे ठरले आहे. चांगले बोर्ड चांगल्या स्नोबोर्डरनी सांगून, तोडून, परत करून घडवून घेतले. पण पहिला बोर्ड घेणाऱ्याला प्लेटोचा काही उपयोग नाही. तो अजून वापरणाराच झालेला नाही. त्याला शैलीचा प्रश्न विचारणे म्हणजे बासरीला कधी ओठ न लावलेल्याला सुरांची पसंती विचारणे. अमेरिकन तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी 2014 च्या आपल्या पुस्तकात याच पेचाचा सविस्तर विचार केला आहे. काही अनुभव असे असतात की ते आल्याशिवाय ते कसे आहेत हे कळत नाही, आणि ते आले की माणसाच्या आवडीनिवडीच बदलतात. अशा ठिकाणी आजच्या आवडींवरून उद्याची निवड करणे हे वरवर शहाणपणाचे दिसते, पण आजची आवड उद्या उरणारच नसते. आई-बाप होण्याच्या निर्णयासारख्या मोठ्या गोष्टींसाठी पॉल हा मुद्दा मांडतात. स्नोबोर्ड त्यापुढे फार लहान गोष्ट, पण पेचाची रचना तीच आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाला दिले गेलेले सर्वात प्रभावी उत्तर गीतेचे. गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत असे सांगितले आहे की ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, आणि परक्याचा धर्म उत्तम पाळण्यापेक्षा स्वतःचा धर्म उणा असला तरी तो बरा. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत विनोबांनी पुढे असे मांडले की स्वधर्म शोधत फिरावे लागत नाही, तो जन्मासोबत आलेलाच असतो. पुढच्या पायाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. पावलाच्या लांबीच्या बाबतीतही. गूफी माणसाने इतरांना पाहून डावा पाय पुढे करण्याचा हट्ट धरला तर त्याची फरफट होते, आणि मोठ्या पावलाच्या माणसाने नाव मोठे म्हणून अरुंद बोर्ड घेतला तर तो वळणात फेकला जातो. परधर्म भयावह असतो, याचा प्रत्यय देणारी इतकी रोकडी उदाहरणे थोडी.

पण याच विचाराची मर्यादाही लगेच पाहावी लागते. शरीराने दिलेला कल आणि समाजाने आखलेला खाना यांत फार मोठे अंतर आहे, आणि दुसऱ्याला पहिल्याचे नाव देणे धोक्याचे असते. 1936 च्या 'जातिभेदनिर्मूलन' या प्रबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चातुर्वर्ण्याच्या गुणाधारित समर्थनावर जी टीका केली, तिच्यात त्यांनी प्लेटोलाही घेतले आहे. माणसांचे त्यांच्या वृत्तीवरून तीन किंवा चार वर्ग पाडता येतात, हा समजच त्यांनी चुकीचा ठरवला. प्रत्येक व्यक्ती वेगळी असते आणि तिच्यात नाना वृत्ती एकाच वेळी नांदतात. तिथे प्रश्न कोट्यवधी माणसांच्या जगण्याचा होता. स्नोबोर्डच्या दुकानात कोणाच्या आयुष्याची वाट अडवली जात नाही, आणि दोन्ही गोष्टी एका तागडीत घालणे अन्यायाचे ठरेल. तरीही विचारातली ती चूक ओळखण्यासारखी आहे. फ्रीस्टाइल किंवा फ्रीराइड ही बोर्डची वर्गवारी आहे. ती माणसावर चिकटवली की सकाळी पार्कमध्ये आणि दुपारी झाडांमधल्या मऊ बर्फात रमणाऱ्याला आपण नेमके कोण, असा खोटा प्रश्न पडू लागतो.

ॲरिस्टॉटलचे म्हणणे इथे अधिक कामाचे आहे. बांधकाम करून माणूस गवंडी होतो, वाजवून वादक होतो, आणि गुणही असेच कृतीतून अंगी मुरतात. पुन्हापुन्हा केलेल्या कृतीतून जी ठाम वृत्ती तयार होते, ती त्याच्या मते निसर्गाने दिलेली नसते, पण निसर्गाच्या विरोधातही नसते. ती ग्रहण करण्याची क्षमता निसर्गाने दिलेली असते, पक्की होते ती सवयीने. स्नोबोर्डवरची शैली ही अशी वृत्ती आहे. म्हणूनच पहिल्या दोन हंगामांतला बोर्ड इतका महत्त्वाचा ठरतो. त्या काळात घोट्यांना, गुडघ्यांना, नजरेला ज्या सवयी लागतात, त्यांनाच पुढे माणूस आपली आवड म्हणतो.

एक गोष्ट मात्र ॲरिस्टॉटलकडून पुरेशी कळत नाही, ती फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँटी यांच्याकडून कळते. 1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रत्यक्षबोधाचे रूपविज्ञान' या ग्रंथात त्यांनी अंध माणसाच्या काठीचे उदाहरण दिले आहे. काठीची सवय झाली की माणसाला हातातली काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाखालची जमीन जाणवते. स्पर्शाची हद्द तळहातावरून टोकापर्यंत सरकते. सरावलेल्या स्नोबोर्डरचे तसेच होते. कडेखालचा बर्फ कोरडा आहे की ओला, वरचा थर कडक आहे की नुसता पापुद्रा, हे त्याला तळपायाखाली कळते, जरी तळपाय आणि बर्फ यांच्या मध्ये बूट, तो बोर्डला बांधणारे बाइंडिंग, लाकडाचा गाभा, काचतंतूचे थर आणि प्लॅस्टिकचा तळ असतो. बोर्ड जुळला याची खरी खूण हीच: तो नाहीसा होतो. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यांनी 1927 मध्ये हातोड्याबद्दल सांगितले तेही याच अंगाने जाते. नीट चालणारे साधन लक्षात येत नाही. मोडले, अडले की ते वस्तू म्हणून समोर उभे राहते.

आता एक खरा ताण दिसतो आणि तो सहज सुटणारा नाही. नाहीसा झालेला बोर्ड उत्तम, कारण तेव्हाच डोंगर थेट कळतो. पण जो बोर्ड कधीच अडत नाही तो काही शिकवतही नाही. जुळणे आणि वाढणे ही दोन वेगळी हिते आहेत आणि ती एकाच वस्तूकडून एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. आज पूर्ण जुळलेला बोर्ड माणसाला आजच्या जागी सुखाने ठेवतो. थोडा अडणारा बोर्ड अस्वस्थ करतो, पण त्या अडण्यातच पुढच्या कौशल्याची जागा असते. हे अडणे किती असावे याला एक व्यावहारिक कसोटी आहे. बोर्डने दाखवलेली चूक चालवणाऱ्याला कळत असेल आणि पुढच्या उतरणीत ती सुधारायला त्याच्याकडे काही उपाय असेल, तर तो बोर्ड त्याच्या पुढे एक पाऊल आहे. तो नुसताच पडत असेल आणि का पडलो हे कळत नसेल, तर बोर्ड त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. वेदान्त ग्रंथांच्या आरंभी अधिकारी कोण हे सांगण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागेही हीच समज आहे: अधिकार म्हणजे पुढची गोष्ट पचवण्याची तयारी. वेदान्तसारात अधिकाऱ्यासोबत विषय, संबंध आणि प्रयोजन हीही सांगितली आहेत. चालवणारा, उतार, बोर्डशी नाते आणि चालवण्यामागचा हेतू ही चारही पाहिल्याशिवाय बोर्डची निवड पुरी होत नाही, आणि दुकानातला प्रश्न बहुधा शेवटच्या एकावरच थांबतो.

शैली कायम राहत नाही याचे सर्वात बोलके उदाहरण स्नोबोर्डर क्रेग केली यांचे. ते चार वेळा जगज्जेते झाले. फ्रीस्टाइलमधला त्यांचा डौल इतका सहज होता की इतर खेळाडू त्यांच्या चित्रफिती पाहून शिकत, आणि त्यांच्या नावाचे बोर्ड बाजारात आले. कीर्तीच्या शिखरावर असताना, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी स्पर्धा सोडल्या आणि ते लिफ्टच्या पलीकडच्या डोंगरात चढून जाऊन उतरण्याकडे वळले. पुढे ते पर्वत-मार्गदर्शक होण्याचे प्रशिक्षण घेत होते. 20 जानेवारी 2003 रोजी कॅनडातल्या रेव्हल्स्टोकजवळ हिमस्खलनात त्यांचा आणि सोबतच्या सहा जणांचा मृत्यू झाला. केली यांचा स्वभाव नेमका कोणता होता? स्पर्धेतला खोटा आणि डोंगरातला खरा, असे म्हणणे सोपे आहे, पण ते त्यांच्या पहिल्या दहा वर्षांवर अन्याय करणारे आहे. हाफपाइपमध्ये कमावलेला तोलच त्यांनी डोंगरात नेला. त्यांचे बोर्ड बदलले, उतार बदलला, हेतू बदलला, आणि तरी पाहणाऱ्याला तो माणूस ओळखू येत राहिला. स्वभाव म्हणून काही असेल तर ते इतकेच असावे: प्रत्येक बोर्डवर ओळखू येणारी, पण कोणत्याही एका बोर्डमध्ये न मावणारी चालण्याची ढब.

एस्तेर लेदेत्स्का हिने तर साधनच दुसरे घेऊन हे दाखवले. चेक प्रजासत्ताकाच्या या खेळाडूने 2018 च्या प्यांगचांग ऑलिम्पिकमध्ये स्कीवर सुपर-जी आणि स्नोबोर्डवर समांतर जायंट स्लॅलम, अशा दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली. असे आधी कोणी केले नव्हते. एका खेळाची सवय दुसऱ्याला बाधते, हा प्रशिक्षकांचा नेहमीचा इशारा आहे आणि तो सामान्यतः खराही आहे. पण वेग, कड आणि नजर यांची जाण दोन्हीकडे एकच असू शकते.

मग अनेक बोर्ड बाळगावेत का? सरावलेले लोक पार्कसाठी एक, खोल बर्फासाठी एक, कडक सकाळींसाठी एक असे तीन-चार ठेवतात. ज्याला वर्षातून पुष्कळ दिवस डोंगर मिळतो त्याच्यासाठी हे रास्त आहे, कारण डोंगर रोज वेगळा असतो. ज्याला वर्षाकाठी आठवडाभरच मिळतो त्याचे मात्र नुकसान होते. प्रत्येक अडचणीवर वेगळी वस्तू हाताशी असली की अडचण सोसून शरीराने शिकण्याची वेळच येत नाही. अपरिग्रहाचा विचार इथे केवळ खर्चापुरता लागू होत नाही. एकाच बोर्डशी दीर्घकाळ राहिल्याने जी जाण येते ती साठ्यातून येत नाही.

या सगळ्याचा निवडीच्या क्रमावर थेट परिणाम होतो. वजन, पाऊल आणि पुढचा पाय यांच्याबाबत तडजोड करू नये. तिथे शरीराचे ऐकावे. त्यानंतर शैलीचा नव्हे, जागेचा विचार यावा: बहुतेक दिवस ज्या बर्फावर जाणार आहेत तो कडक आहे की भुसभुशीत, उतार दाबलेला आहे की मोकळा. शैली सर्वात शेवटी, आणि तीही आजच्या सवयीवरून नव्हे, कोणत्या प्रकारची चूक सुधारायची इच्छा आहे यावरून. पहिल्या हंगामात बोर्ड विकत न घेता भाड्याने घेणे म्हणूनच शहाणपणाचे. मऊ मिश्र घडणीचा एक आणि थोडा ताठ कॅम्बरचा एक, असे दोन्ही एकाच उतारावर एकाच दिवशी चालवून पाहिले की शब्दांत न सापडणारा फरक अर्ध्या तासात पायांना कळतो. बाइंडिंगचे कोन आणि अंतर बदलता येतात, आणि तोच बोर्ड पाय थोडा मागे घेतला की खोल बर्फात वेगळा वागतो. नवा बोर्ड घेण्याआधी हे करून पाहावे. दुसऱ्या बोर्डची वेळ कंटाळा आला म्हणून ठरत नाही. पहिल्या बोर्डवर वेग वाढवला की त्याचे टोक फडफडू लागते, किंवा वळणात पूर्ण झुकूनही कड सुटते, आणि चूक चालवणाऱ्याची नाही हे त्याला खात्रीने सांगता येते, तेव्हा ती वेळ आलेली असते.